घरोघरच्या भिंतींचा चित्रकार : राजा रविवर्मा

केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या माणसाचे घर म्हणजे दर तीन-चार वर्षांनी मांडायचे आणि मोडायचे बिऱ्हाड. नव्या गावी निवासस्थानाची किल्ली हाती आली, की सर्वसाधारणपणे आधी स्वयंपाकघर लागते, मग पुस्तकांची खोकी उघडतात आणि भिंतींकडे लक्ष जाते ते सर्वांत शेवटी. आमच्या घरी हा क्रम प्रथमपासूनच उलटा आहे. मालमोटार रिकामी होण्यापूर्वीच माझी पत्नी एक विशिष्ट गाठोडे शोधून काढते. जुन्या नऊवारी लुगड्यात गुंडाळलेली एक तसबीर त्यात असते. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी, शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती. ही तसबीर माझ्या आजीची. ती भिंतीवर चढली, की तिच्या आसपास आजोबांचे छायाचित्र, आईवडिलांचे लग्नातले छायाचित्र, मुलांनी शाळेत असताना काढलेली दोन-तीन चित्रे अशी एकेक वस्तू आपापली जागा घेऊ लागते, आणि परक्या गावातील ती चुन्याची कोरी भिंत आमची होते.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी मी अशीच एखादी तसबीर पाहिली आहे. कोठे वीणाधारिणी सरस्वती, कोठे हंसाशी हितगुज करणारी दमयंती, कोठे दत्तात्रेय. घर सोडून दूर आलेल्या पिढीने ट्रंकेतून आणलेल्या या चित्रांनी आपल्या दिवाणखान्यांना माजघराची ऊब दिली. मात्र ज्या माणसामुळे ही चित्रे घरोघर गेली, तो मराठी नव्हता. तो केरळातला होता आणि त्याच्या आयुष्याची अनेक वर्षे आपल्याप्रमाणेच घरापासून दूर, परमुलखात गेली. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या राजा रविवर्म्याचे चरित्र आठवावेसे वाटले, ते याच नात्याने.

रविवर्म्याचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. हे घराणे राजकुळाशी विवाहसंबंधाने जोडलेले होते. वडील नीलकंठन भट्टतिरिपाद हे संस्कृतचे पंडित होते, तर आई उमाअंबा या कवयित्री होत्या. धाकटा भाऊ राजराजवर्मा आणि बहीण मंगलाबाई यांनीही पुढे कुंचला हाती घेतला. लहानपणी रविवर्मा घराच्या भिंतींवर कोळशाने पशुपक्ष्यांची चित्रे काढीत असे, अशी आख्यायिका आहे. अशा गोष्टी बहुतेक चित्रकारांच्या बालपणाविषयी सांगितल्या जातात. परंतु भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या मुलाला पाठीत धपाटा न बसता उत्तेजन मिळाले, हे या कथेतील सार मात्र खरे आहे. मामा राजराजवर्मा स्वतः तंजावर शैलीत चित्रे काढीत. त्यांनी भाच्याची ओढ ओळखली, त्याला प्राथमिक धडे दिले आणि १८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले.

महाराज कलाप्रेमी होते. राजवाड्यातील चित्रे व युरोपीय चित्रांचे संग्रहग्रंथ या मुलाला पाहावयास मिळाले. परंतु तैलरंगांची विद्या त्याला सहजासहजी लाभली नाही. आपल्याकडे हे माध्यम तेव्हा नवीन होते आणि ज्यांना ते अवगत होते, त्यांची ते दुसऱ्यास देण्याची तयारी नव्हती. दरबारचे चित्रकार रामस्वामी नायडू यांनी शिकविण्यास नकार दिला. त्यांचाच साहाय्यक आरुमुखम पिळ्ळै याने चोरून रंगमिश्रणाच्या काही गोष्टी सांगितल्या, असे चरित्रकार नमूद करतात. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार महाराजांची व्यक्तिचित्रे रंगविण्यासाठी आला. त्यानेही शिकविण्याचे मान्य केले नाही. आपण काम करीत असताना पाहण्यास मात्र परवानगी दिली. रविवर्म्याने पाहिले, आणि पाहण्यातून शिकला. कोणत्याही कलाशाळेचे प्रमाणपत्र त्याच्यापाशी नव्हते. दाराच्या फटीतून मिळालेल्या या विद्येचे पुढे त्याने काय केले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिला कडीकुलपात न ठेवता त्याने ती लाखो घरांच्या भिंतींवर नेऊन लावली.

१८६६ साली त्याचा विवाह मावेलिक्कराच्या राजघराण्यातील भागीरथीबाईंशी झाला होता. पुढे १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्रास सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथेही ते गौरविले गेले. शकुंतला कमलपत्रावर प्रेमपत्र लिहीत आहे, हे त्याचे चित्र १८७६ साली मद्रासला प्रदर्शित झाले आणि संस्कृतच्या युरोपीय अभ्यासकांपर्यंत त्याची कीर्ती गेली. संस्थानिक, गव्हर्नर, दिवाण यांच्या व्यक्तिचित्रांची मागणी वाढू लागली. १८८० साली महाराज आयिल्यम तिरुनाळ निवर्तले. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या महाराजांशी रविवर्म्याचे सूर जुळले नाहीत. त्रावणकोरचा आश्रय संपला आणि त्याची भ्रमंती सुरू झाली.

या वळणावर आपल्या दृष्टीने विशेष जिव्हाळ्याची एक व्यक्ती या कथेत येते. ती म्हणजे सर टी. माधवराव. कुंभकोणम येथे १८२८ साली जन्मलेले माधवराव हे तंजावरी मराठी. त्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी महाराष्ट्र सोडला होता, परंतु भाषा सोडली नव्हती. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १८५८ ते १८७२ या काळात ते त्रावणकोरचे दिवाण होते. नंतर इंदूर व मग बडोदे येथे त्यांनी कारभार पाहिला. तरुण रविवर्म्यास त्यांनी त्रावणकोरच्या दरबारात पाहिले होते. १८८१ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांना राज्याधिकार मिळाले, तेव्हा माधवराव बडोद्याचे दिवाण होते. त्या सुमारास रविवर्मा आपल्या भावासह बडोद्यास आला आणि महाराजांची व राजघराण्यातील मंडळींची चित्रे त्याने रंगविली. येथून त्याचा महाराष्ट्राशी व मराठी समाजाशी असलेला दीर्घ संबंध सुरू होतो.

माधवरावांनी केलेली एक सूचना तर चरित्राला कलाटणी देणारी ठरली. रविवर्म्याच्या चित्रांना सर्वत्र मागणी आहे, परंतु एका माणसाचे दोन हात किती घरांना पुरणार, हे या व्यवहारदक्ष मुत्सद्द्याच्या ध्यानात आले होते. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती करवून घ्याव्यात, असे त्यांनी १८८४ च्या सुमारास पत्राने सुचविले. ती सूचना अमलात यावयास दहा वर्षे जावी लागली आणि तीही निराळ्या स्वरूपात.

दरम्यान सयाजीरावांनी रामायण, महाभारत व पुराणे यांतील प्रसंगांवर चौदा चित्रांचे काम त्याला सोपविले. येथे एक मोठा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. नल, दमयंती, शंतनू, गंगा, सुभद्रा ही सर्व भारताची माणसे. त्यांना वेष कोणत्या प्रांताचा द्यावा? केरळचा दिला तर उत्तरेस परका वाटेल, उत्तरेचा दिला तर दक्षिणेस. हा प्रश्न सोडविण्यासाठी दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानात हिंडले. मंदिरे, शिल्पे, लोकांचे पेहराव त्यांनी पाहिले. साऱ्या देशास समान असा प्राचीन वेष त्यांना कोठेच आढळला नाही. अखेरीस त्याने आपल्या नायिकांना लुगडे नेसविले आणि त्याच्या पदराला व निऱ्यांना कोणत्याही एका प्रांतापुरते न ठेवता सर्वांना आपले वाटेल असे रूप दिले. त्याच्या अनेक नायिकांच्या नेसणीत आपल्या नऊवारीची छटा स्पष्ट दिसते. चित्रे १८९० साली पूर्ण झाली. लक्ष्मीविलास राजवाड्यात जाण्यापूर्वी ती बडोदे व मुंबई येथे सर्वसामान्यांना पाहण्यासाठी मांडण्यात आली आणि लोकांची रीघ लागली. राजवाड्याची चित्रे रस्त्यावरच्या माणसाने पाहावीत आणि आपल्या घरीही असे काही असावे असे त्याला वाटावे, ही आपल्या देशात नवी गोष्ट होती.

त्या काळातील आपल्या घरांच्या भिंती कशा होत्या, हे थोडे आठवून पाहावे. देवघरात टाक व मूर्ती असत. दारावर गणेशपट्टी असे; भिंतीवर हळदीकुंकवाची बोटे, नागपंचमीचा नाग, दिवाळीची चित्रे असत. मोठ्या वाड्यांत भित्तिचित्रे असत. परंतु सामान्य गृहस्थाला चौकटीत बसविलेले, रंगीत, माणसांसारख्या जिवंत चेहऱ्यांचे देवदेवतांचे चित्र परवडण्याजोगे नव्हते. ज्यांना ऐपत होती, ते परदेशी छापील चित्रे लावीत आणि त्यांत आपले असे फारसे काही नसे. ही उणीव रविवर्म्याने भरून काढली.

१८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या दहा चित्रांना पारितोषिक मिळाले. तरीही पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, त्याने जे केले ते मला त्या पारितोषिकाहून मोठे वाटते. चित्रे छपाईस परदेशी न पाठविता त्याने मुंबईतच शिळाछापखाना काढला. यंत्रे जर्मनीहून आली, तंत्रज्ञही तेथून आले. हे काम फार कष्टाचे होते. मूळ तैलचित्रातील प्रत्येक रंग वेगळा काढावयाचा, त्या रंगासाठी गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने स्वतंत्र आकृती रेखाटावयाची आणि एकाच कागदावर एकामागून एक शिळा दाबत जावयाचे. एक शिळा केसभर सरकली, तरी देवीचा ओठ गालावर यावयाचा. सर्व रंग बसल्यावर वर चकाकी देणारा लेप चढवावयाचा, म्हणजे छापील कागद तैलचित्रासारखा दिसू लागे. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे. मेनका तान्ही मुलगी पुढे करीत आहे आणि विश्वामित्र हात उंचावून तोंड फिरवीत आहे, हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी कोणत्या ना कोणत्या जुन्या घरी पाहिला असेल. मागोमाग लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, मोहिनी, गंगावतरण अशी चित्रे निघाली आणि रेल्वेने देशभर गेली.

लोकांनी ती केवळ लावली नाहीत, तर आपलीशी केली. कोणी देवीच्या लुगड्यावर जर चिकटविली, कोणी दागिन्यांवर टिकल्या व मणी बसविले, कोणी खऱ्या कापडाचे तुकडे कापून पदर केला. ज्याला मंदिराच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्याच्याही भिंतीवर आता देव आला. दर्शनासाठी कोणाची परवानगी लागेना. चित्रकाराने हे सामाजिक हेतूने योजले होते की व्यापाराच्या, हा वाद बाजूस ठेवला, तरी त्याचा हा परिणाम नाकारता येत नाही.

व्यापार म्हणून पाहिले, तर मात्र छापखान्याने त्याला सुख दिले नाही. भागीदारीत मतभेद झाले, कर्ज वाढले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि माणसे शहर सोडून पळू लागली. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. जुन्या तसबिरींच्या खाली कार्ला-लोणावळा हा पत्ता आढळतो, तो याच जागेचा. अखेरीस विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत रविवर्म्याने छापखाना फ्रिट्झ श्लायखर या आपल्या जर्मन तंत्रज्ञास विकला. ज्या चित्रांनी त्याचे नाव घरोघर पोहोचविले, त्या चित्रांच्या छपाईवर त्याचा हक्क उरला नाही. छापखाना मात्र पुढेही दीर्घकाळ चालला. त्याने शिवछत्रपतींची, दत्तात्रेयांची, नाना देवतांची चित्रे काढली. आपले म. वि. धुरंधर यांनी त्यासाठी चित्रे केली. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पौराणिक दृश्ये पाहताना रविवर्म्याची आठवण होते, ती उगाच नव्हे. १९७२ साली लागलेल्या आगीने छापखान्याचा शेवट केला.

या साऱ्या धडपडीत त्याच्या पाठीशी उभा होता तो धाकटा भाऊ राजराजवर्मा. तो स्वतः उत्तम निसर्गचित्रकार होता. मोठ्या भावाच्या चित्रांतील पार्श्वभूमी अनेकदा तो रंगवी, इंग्रजी पत्रव्यवहार पाही, प्रवासाची व्यवस्था करी आणि रोजनिशी लिही. या दोघा भावांचे जीवन आपल्याला जवळून दिसते, ते त्या रोजनिशीमुळे. रेल्वेचे लांबलांब प्रवास, गिरगावातील बिऱ्हाड, मुंबईच्या नाटकगृहांतील संध्याकाळी, संस्थानिकांच्या दारी ताटकळणे, थकलेली बिले, या सगळ्यांची त्यात नोंद आहे. १९०१ साली ते उदयपूरला महाराणा प्रतापांचे चित्र करण्यासाठी गेले. रविवर्म्याची पत्नी भागीरथीबाई १८९१ सालीच निवर्तल्या होत्या. मुले मावेलिक्कराला वाढली. वडील त्यांना भेटत ते दोन प्रवासांच्या मध्ये. १८९३ मधील एका चित्रात त्याची मुलगी महाप्रभा कडेवर मूल घेऊन उभी आहे आणि चित्राबाहेरून कोणी येत असल्याचे त्या मुलाला दाखवीत आहे. बाबा आले, असा त्या चित्राच्या नावाचा अर्थ. बदलीच्या गावाहून सुटीत घरी येणाऱ्या माझ्यासारख्या बापाला ते चित्र निराळे समजावून सांगावे लागत नाही.

१९०४ साली सरकारने त्याला कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. त्याच सुमारास म्हैसूरच्या महाराजांकडून पौराणिक चित्रांचे मोठे काम आले. परंतु १९०५ च्या आरंभी राजराजवर्मा वारला. उजवा हात गेला असेच म्हणावयास हवे. मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने रविवर्म्याने म्हैसूरचे काम पुरे केले, आणि तो गावी परतला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे, ज्या घराच्या भिंतींवर त्याने कोळसा ओढला होता, त्या घराच्या परिसरात त्याचा अंत झाला.

मृत्यूनंतर त्याच्यावर कठोर टीका झाली. त्याची देवता म्हणजे रंगभूमीवरील नटी, त्याचे तंत्र परदेशी, त्याच्या छापील चित्रांनी लोकांची अभिरुची बिघडली, असे आक्षेप बंगालमधील नव्या कलासंप्रदायाच्या पुरस्कर्त्यांनी व आनंद कुमारस्वामींसारख्या अभ्यासकांनी घेतले. या आक्षेपांत तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. त्याचे काही अभिनय नाटकी आहेत. एकच गोरेपण सर्व देवींना लाभले आहे. आपल्याकडील घराघरांत त्याच्या लक्ष्मीने मनात असे ठाण मांडले, की अन्य रूपातील लक्ष्मी आपल्याला लक्ष्मी वाटेनाशी झाली, हाही तोटाच. परंतु काळाने त्याचे मोजमाप निराळे केले. १९७९ साली केंद्र सरकारने त्याची चित्रे कलानिधी म्हणून घोषित केली आणि ती देशाबाहेर नेण्यास बंदी झाली. जाता जाता एक गैरसमजही दूर करावा. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील, हाताच्या आडोशाने समई जपणाऱ्या तरुणीचे चित्र रविवर्म्याचे म्हणून सर्रास दाखविले जाते. ते आहे आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे, आणि त्यातील तरुणी ही त्यांची कन्या.

आता थोडे आमच्या तसबिरीविषयी. मागच्या एका बदलीत तिची काच फुटली आणि पावसाचे पाणी आत शिरून खालची कड डागाळली. छापखान्याचे नाव असलेली ओळ निम्मी पुसली गेली. चौकटी करणाऱ्या कारागिराने सल्ला दिला, की हीच लक्ष्मी नव्या छपाईत अधिक उजळ मिळते. जुनी टाकून द्यावी. मुलांचेही मत तसेच होते. मूळ चित्र असते तर गोष्ट वेगळी, ही तर हजारो प्रतींतील एक प्रत, असा त्यांचा युक्तिवाद. व्यवहाराच्या दृष्टीने तो बिनचूक होता आणि मला काही वेळ उत्तर सुचले नाही.

मग चौकट उघडली. चित्राच्या मागच्या कागदावर माझ्या वडिलांच्या हस्ताक्षरात, ही तसबीर कोणत्या गावी कोणत्या वर्षी भिंतीवर लागली, याची पेन्सिलीने केलेली यादी निघाली. त्यांचीही नोकरी बदलीचीच होती. पहिली नोंद आजीच्या घराची. प्रती हजारो असतील. परंतु ही यादी एकाच प्रतीच्या पाठीवर होती. मुलांनी ती वाचली आणि पुढे वाद राहिला नाही. थोरल्याने आपणहून विचारपूस करून जुन्या कागदास न पिवळवणारा, आम्लविरहित पुठ्ठा आणला. काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये पट्टी घातली, आणि तसबीर थेट ऊन व ओल लागणार नाही अशा आतल्या भिंतीवर लावली. ज्यांच्या घरी अशा जुन्या तसबिरी आहेत, त्यांनी एवढी काळजी अवश्य घ्यावी. ओल्या फडक्याने मात्र त्या कधीही पुसू नयेत.

केरळातील एका मुलाने भिंतीवर ओढलेल्या रेघा, तंजावरी मराठी दिवाणाने दिलेला सल्ला, जर्मनीहून आलेली यंत्रे, मळवलीच्या माळावर छापलेला कागद आणि माझ्या आजीने संसाराच्या पैशातून घेतलेली चौकट, एवढे सगळे आमच्या एका खिळ्यावर टांगलेले आहे. निवृत्तीस आता फार वर्षे उरलेली नाहीत. यादीत या गावाचे नाव मी लिहिले आहे. त्याखाली दोन-तीन ओळींची जागा शिल्लक आहे.